टिटवीची फिकर

परभणीत जेवढी म्हणून काळजी होती, ती सगळी आमच्या घरमालकांनी एकट्यानं अंगावर घेतली होती. म्हणूनच बाकीचं गाव निवांत झोपायचं, असं माझं ठाम मत आहे. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी आणि काखेत बाराही महिने छत्री. कुलूप लावलं की ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे आणि जाता जाता शेजाऱ्यांचंही ओढून बघायचे. पाथरीला जायचं तर एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरला विचारत, "ब्रेक लागतेत ना? आन् तुमचं खाणं झालंय ना?" मी मूळची वालूरची, इथं शाळेत मास्तरीण, त्यांच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहायचे. मला यायला जरा उशीर झाला की हे गृहस्थ रस्त्यावर येऊन उभे. त्यांची बायको, म्हणजे काकू, आतून म्हणायच्या, "बाई, ह्यायला फिकर न्हाई मिळाली तर घास उतरत न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मात्र त्यांना जन्मभर पुरेल अशी फिकर सापडली. नगरपालिकेच्या बागेत, आटलेल्या हौदामागच्या उंचवट्यावर टिटवीनं उघड्या खड्यांत चार अंडी घातली. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला होतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत. विहिरी कोरड्याठाक, घरोघर रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी. "बाई, ती अंडी टिकली पायजेत," असं ते म्हणाले, आणि खरं सांगते, मला हसू आलं नाही.

कारण बाग होती कुत्र्यांच्या ताब्यात. भोवतालच्या बंगल्यांतली पाळलेली कुत्री सकाळ-संध्याकाळ तिथं मोकळी सोडत. गळ्यात झकपक पट्टा, पण साखळी कुणाच्याच हातात नाही. बागेतल्या खारी त्यांनी मटकावल्या, मैनेची उडता न येणारी पिल्लं फाडली, आणि पाण्याच्या आशेनं कुठूनसा आलेला ससा तर भरदिवसा चारचौघांसमोर लोळवला. घरमालक दारोदार फिरले, हात जोडले, "साखळी तेवढी लावा हो, तिथं अंडी हायत." सगळीकडे एकच उत्तर, "काका, आमचा कुत्रा कुणाला काही करत नाही. नुसता खेळतो." एका वकिलांनी तर चहा पाजून, पाठीवर थाप मारून वाटेला लावलं. मला असा संताप आला, काय सांगू.

मग घरमालकांनी स्वतःच इंतजाम केला. पोट भरलेलं कुत्रं शिकार करत नाही, हा त्यांचा सिद्धांत. दुष्काळात कुत्र्यांनाही शिळंपाकं मिळेनासं झालं होतं. घरमालक आपल्या ताटातली अर्धी भाकरी पंच्यात बांधून बागेच्या फाटकाशी नेऊ लागले. काकूंनी कपाळाला हात लावला. कुत्री मात्र बघता बघता त्यांच्यावर अशी लट्टू झाली की वकिलांचा काळा कुत्रा मालकाच्या हाकेलाही वळेना. घरमालक खूश. फक्त अंडी जागेवर आहेत की नाहीत, ही फिकर काही सुटेना. जरा वेळ गेला की छत्री घेऊन उंचवट्याकडे निघायचे, बघून यायचे, पुन्हा निघायचे.

आणि एका सकाळी कुत्री त्यांच्या मागोमाग निघाली. मी घागर घेऊन कुंपणाजवळून चालले होते. आधी टिटवीचा आकांत ऐकू आला, मग घरमालक दिसले. टिटवी कुत्र्यांच्या डोक्यावर झेपा घेत होती, घरमालक छत्री फिरवत होते आणि कुत्र्यांना वाटत होतं, काका आज खेळायलेत. मी घागर टाकून धावले. पोचेपर्यंत काळ्यानं कारभार उरकला होता आणि तोंड चाटत तो घरमालकांच्या पायाशी येऊन बसला होता.

त्या दिवशी घरमालक ओसरीवरून हलले नाहीत. दार सताड उघडं होतं, तिकडे बघितलंही नाही. "मीच वाट दाखवली बाई त्यायला," एवढंच म्हणाले. मला रडू आवरेना.

टिटवी चिवट. थोड्याच दिवसांत तिनं त्याच उंचवट्यावर पुन्हा अंडी घातली. मी येऊन सांगितलं, तर घरमालक उठलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच भाकरी बांधून निघाले ते बागेच्या उलट दिशेला, रेल्वेच्या रुळाकडे, आणि मागं सगळी कुत्री. ऊन तापून ती धापा टाकायला लागेपर्यंत तिथंच एका बाभळीखाली बसायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. बागेत त्यांनी परत पाऊल ठेवलं नाही. तिथली खबर मी द्यायची. "बसलीय ना?" "बसलीय काका." "नीट बघितलं ना?"

पिल्लं निघाली त्या सकाळी मी तशीच रुळाकडे गेले. "काका, चला. चारी निघालीत. पळायलीत नुसती."

ते ताडकन उठले, वहाणा चढवल्या, चार पावलं चालले आणि थांबले. सगळी कुत्रीही उठली होती, शेपट्या हलवत. घरमालक हळूच परत बाभळीखाली बसले.

"नको बाई. ही येतेत मागं. लय जीव लावलाय मला." मग म्हणाले, "तुमीच सांगा. कशी हायत?"

मी सांगितलं. मातीच्याच रंगाची आहेत, पाय अंगापेक्षा लांब, आई ओरडली की जागच्या जागी गप बसतात, मग दिसतसुद्धा नाहीत. ते ऐकत होते, एक हात काळ्याच्या मानेवर दाबून, त्यानं उठू नये म्हणून.

त्या साली पाऊस चांगला झाला, आणि घरमालक छप्पर गळेल म्हणून काळजी करू लागले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची काळजी आम्हा सगळ्यांना थोडी थोडी वाटून आली. कुलूप ज्याचं त्याला ओढून बघावं लागतं. माझ्या वाट्याला टिटवी आली. कुठल्याही बागेत कुणी कुत्रा मोकळा सोडून "नुसता खेळतो" म्हणालं की मी रस्त्याकडे बघते, काखेत छत्री धरलेलं कुणी भाकरी घेऊन येतंय का म्हणून.