मीच सांगितलेलं मीच खोडलं

"स्प्यूटम पॉझिटिव्ह आहे, बाई," पालघरचे डॉक्टर म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

स्प्यूटम म्हणजे थुंकी. ती पॉझिटिव्ह, म्हणजे तिच्यात क्षयाचे जंतू सापडले. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी स्वतः नर्स. असे कागद मी कितीतरी जणांना वाचून दाखवले होते आणि वाचताना आवाज कसा ठेवायचा हेही मला पाठ होतं. डॉक्टरांचा आवाज अगदी तसाच होता, म्हणून मला जास्तच राग आला.

एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलं होतं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि बोईसरच्या आमच्या सरकारी दवाखान्यात मराठीइतकीच हिंदी ऐकू यायची. दवाखान्यात बाकी माणसं बदलत, मी मात्र पंधरा वर्षं तिथेच होते. दोन महिने मला खोकला होता, संध्याकाळी अंगात कणकण असायची, पोलकी सैल झाली होती. दुसऱ्या कुणाला हे झालं असतं तर मी त्याला आठवड्यात हाताला धरून तपासायला नेलं असतं. स्वतःच्या खोकल्याला मात्र मी मिरचीचा ठसका म्हणत राहिले. हे वाचणाऱ्या कुणाला दोन-तीन आठवड्यांचा खोकला असेल, तर त्याने कृपा करून माझ्याइतकं शहाणं होऊ नये.

क्षय म्हणजे काय करायचं, हे मला ठाऊक होतं. सॅनेटोरियम गाठायचं. तिथे कित्येक महिने खाटेवर पडून राहायचं, दूध-अंडी खायची, ताट-वाटी वेगळी ठेवायची आणि पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. मी शिकले तेव्हा हेच शिकवत, आणि ते खोटं नव्हतं, कारण तेव्हा दुसरा उपायच नव्हता. या नियमांत मी कडक म्हणून प्रसिद्ध होते. बोईसरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर तर मी दिसले की खोकणारी माणसं घरात शिरायची. मला तो माझा दरारा वाटायचा.

डॉक्टर म्हणाले, "सॅनेटोरियमला जायचं नाही. घरीच राहायचं. दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि आयएनएच व पीएएस या दोन प्रकारच्या गोळ्या एकदम, दीड वर्ष."

"खाट रिकामी नाही, असं सांगा ना सरळ," मी म्हणाले.

"खाट मिळेल. पण तिची गरज नाही. पद्धत बदलली आहे. घरी राहून औषध नीट घेणारेही तितकेच बरे होतात, आणि त्यामुळे घरातल्यांचा धोका वाढत नाही, असं दिसून आलं आहे. धोका होता तो औषध सुरू होण्याआधीचा."

डॉक्टर तिशीचेही नसतील. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, या पोराला काय कळतंय.

माझी मुलगी शकू तेव्हा सहा वर्षांची होती. डॉक्टरांनी तिची मांटू टेस्ट करायला लावली, म्हणजे हाताच्या कातडीत थोडं औषध टोचून तीन दिवसांनी तिथे गाठ उठते का ते बघतात. गाठ उठली नाही, म्हणजे तिला लागण झालेली नव्हती. मग पुढेही होऊ नये म्हणून तिला बीसीजीची लस दिली. "आता तिला घरीच ठेवा," असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी तिला दुसऱ्याच दिवशी वाणगावला माझ्या थोरल्या नणंदेकडे पाठवलं. गाडी सुटताना तिच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही. फलाटावर चार हात लांब उभी राहिले आणि ह्यांनाच तिला डब्यात बसवायला सांगितलं.

मग मी घरात स्वतःचं सॅनेटोरियम मांडलं. ओटीवर खाट टाकली, ताट वेगळं काढलं, शाळा सुटल्यावर ह्यांनी दारातूनच बोलायचं असं ठरवलं. हे मास्तर, पण घरात विद्यार्थी तेच. इंजेक्शन द्यायला आमच्या दवाखान्यातली सहकारी यायची. दुखायचं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण मी आयुष्यभर लोकांना 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं सांगत आले होते.

आयएनएचची गोळी इवलीशी. पीएएसच्या मात्र घोड्याला द्याव्यात तशा टपोऱ्या गोळ्या, दिवसाला मूठभर. घेतल्या की पोटात ढवळायचं, जेवण वर यायचं. महिनाभर घेतल्या. मग खोकला थांबला, वजन थोडं वाढलं आणि मी माझ्या अनुभवाच्या जोरावर ठरवलं की छोटी गोळी पुरे. मोठ्या गोळ्या मी डब्यात टाकत गेले.

पुढच्या खेपेला पालघरला गेले तर डॉक्टरांनी लघवीचा नमुना मागितला. त्यांनी माझ्यासमोरच त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. पीएएस पोटात गेलं असेल तर या थेंबांनी लघवीचा रंग तांबूस-जांभळा होतो. माझी होती तशीच पिवळी राहिली. ती काचेची नळी त्यांनी उजेडात धरली. पंधरा वर्षांत मला कुणी असं रंगेहाथ पकडलं नव्हतं, आणि इथे तर रंग न आल्यामुळे पकडलं.

"एकाच औषधाशी गाठ पडली तर जंतू त्याला सरावतात," ते म्हणाले. "मग ते औषध तुमच्या कामाचं राहत नाही. दोन्ही बरोबर घ्यायची ती त्यासाठी. हे सगळं परिपत्रकात आहे, बाई. तुमच्या दवाखान्याला आलेलं आहे. तुम्ही ती वाचता, की फक्त फाइलला लावता?"

हा प्रश्न मला इंजेक्शनपेक्षा जास्त टोचला. कारण माझी फाइल तालुक्यात सगळ्यात नीट होती. आलेल्या प्रत्येक कागदाला मी भोकं पाडायची, दोरीत ओवायची, वर आवक क्रमांक घालायची. तपासणीला आलेले साहेब ती उघडून 'वा, बाई' म्हणून जायचे. वाचायला मात्र सवड कधी काढली नव्हती. इंग्रजीतला कागद, नेहमीचंच काहीतरी असणार, असं धरून चालायची.

मी ती फाइल घरी मागवली. हे खाटेशेजारी येऊन बसले, मी अडवलं तरी बसले, आणि शब्दकोश उघडून ओळ न् ओळ मला सांगू लागले. तो कागद सापडला. क्षयरोग्यावर घरी उपचार, दोन औषधं एकत्र, अंथरुणाला खिळवून ठेवण्याची गरज नाही, कुटुंबापासून तोडण्याची गरज नाही. वर माझ्याच अक्षरात आवक क्रमांक होता. कागद येऊन दोन वर्षांपेक्षा जास्त दिवस झाले होते. त्या दिवसांत मी नवापूरची एक बाई सॅनेटोरियमला धाडली होती.

त्या संध्याकाळी मी खाट आत घेतली. टपोऱ्या गोळ्या जेवणाबरोबर, थोड्या थोड्या करून गिळल्या. ढवळायचं ते ढवळलंच, पण नंतर एकही चुकवली नाही.

तिसरा महिना संपला तेव्हा थुंकी निगेटिव्ह आली, म्हणजे जंतू दिसेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, "औषध अजून सव्वा वर्ष चालू. मुलीला मी सुरुवातीलाच घरी ठेवायला सांगितलं होतं."

मी पालघरहून बोईसरला न उतरता तशीच पुढे वाणगावला गेले. वन्सं अंगणात भात पाखडत होत्या. मी शकूला न्यायला आलेय म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी नाय धाडायची," त्या म्हणाल्या. "तूच सांगितलंस ना, खोकल्याच्या घरात पोरं ठेवू नका? शेजारच्या पोरांना तू मागं म्हयनाभर त्यांच्या आजाजवळ जाऊ दिलं नायस. तवा तुझं खरं व्हतं, आता तुझी पोर हाय म्हणून उलटं झालं?"

त्यांनी माझ्याविरुद्ध माझीच साक्ष काढली होती. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "वन्सं, ते मीच सांगितलं होतं. आता हेही मीच सांगते. तेव्हाचं जुनं होतं, आणि नवं कळण्याची मी तसदी घेतली नव्हती." मग गोळ्या कसं काम करतात, थुंकीत आता काय दिसत नाही, सगळं सांगितलं. पटलं की नाही कोण जाणे. "तुझी पोर, तुझी जोखीम," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

शकू दाराआड उभी होती. मी हात पुढे केला तरी जागची हलली नाही. मग तिने विचारलं, "आई, जवळ आलं तर चालतं का आता?"

चालतं, मी म्हणाले. ती आली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. घरी येईपर्यंत ती माझ्या मांडीवरून उतरली नाही.

कामावर रुजू झाले तेव्हा पहिला फेरा मी नवापूरला काढला. जिला धाडलं होतं ती गोमती बरी होऊन परत आली होती आणि किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील लावत होती. तिला नेलं तेव्हा तिचा मुलगा अंगावर पीत होता. औषधं तिला सॅनेटोरियमला मिळाली तीच, पण पोर इथे सासूकडे राहिलं.

"गोमती, तुला पाठवायची गरज नव्हती," मी म्हणाले. "घरी राहून बरी झाली असतीस. तसा कागद तू जायच्या आधीच आला होता. मी वाचला नव्हता."

तिचे हात चालूच राहिले. बोंबील लावता लावताच म्हणाली, "परत आले तं पोर मला वळखी ना. मला बघून रडायचा. माज्याकडं यायला वरीस गेला त्याचा."

माफी मागायला मला येत नव्हतं, सवय नव्हती. तरी मागितली.

"आता वाचतंस काय कागद?" तिने विचारलं.

"आला त्या दिवशी वाचते. अडलं तर मास्तर आहेत."

तिने हात लुगड्याला पुसले. "मंग चल," म्हणाली आणि पुढे निघाली. दोन आळ्या सोडून एका झोपडीपाशी थांबली. त्या घरातली सून तान्ह्या पोराची आई, आणि किती दिवस खोकते हे माझ्यापासून सगळ्या गावाने लपवलं होतं. माझ्या दराऱ्याने ही किमया केली होती. दार आतून लावलेलं होतं. गोमतीने ते थापटलं.

"भायेर ये गो. धाडनारी बाय आली हाय, पन आज धाडायला नाय आली. हिनंच मला धाडली व्हती, आन् आता हीच सांगते, घरातच रवा. माज्यासमोर चूक कबूल केली हिनं. आयक तिचं."

आत बराच वेळ कुजबुज चालली. मग कडी निघाली आणि ती मुलगी पोर कडेवर घेऊन बाहेर आली.

तिला दोन्ही औषधं मी दीड वर्ष माझ्या हातांनी मोजून दिली, फेरिक क्लोराइडची बाटली पिशवीत घेऊन. तिने एकदाही मला पिवळा रंग दाखवला नाही, जे मला जमलं नव्हतं. मी बरी झाले याचा मला आनंद आहे. पण छाती फुगवून सांगावं असं जे एक मी केलं, ते हे: त्या मुलीचं पोर आईपासून एक दिवसही लांब गेलं नाही.