सावलीची शेवटची ओळ

समजा, तुम्हाला कुणी एका वर्गात नेऊन सोडलं. मधली सुट्टी तोंडावर आली आहे, मुलांचे हात दप्तरातल्या डब्यांवर आहेत, मागच्या बाकांवर खोडरबरांची फेकाफेकी रंगली आहे. वर्गशिक्षिका "सांभाळा आता" म्हणून सटकल्या आहेत. आणि तुम्हाला म्हणायची आहे कविता. तीही परीक्षेत न येणारी! म्हणून बघा. दुसऱ्या ओळीपर्यंत कुणीतरी "पाणी प्यायला जाऊ?" विचारेल, आणि त्याच्यामागे अख्ख्या वर्गाला तहान लागेल.

लायब्ररीच्या बालविभागातल्या बाई शाळेत अशाच कविता सांगायला जातात. त्यांनी ही तहान पुष्कळ वर्षं भागवली. मग एकदा नशिबाने घंटा मध्येच वाजली आणि कवितेची शेवटची ओळ राहून गेली. शनिवारी लायब्ररीच्या दारात काही मुलं हजर. "बाई, पुढे काय झालं?"

तेव्हापासून बाईंनी घंटेवर विसंबणं सोडलं. कविता ऐन रंगात आली की शेवटच्या ओळीआधी त्या पुस्तक फटकन मिटतात आणि म्हणतात, "उरलेली ओळ शनिवारी. लायब्ररीत." मुलं बाक बडवतात, हातापाया पडतात, पण बाई बधत नाहीत. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं अर्धीमावशी. हे नाव घरीही पोहोचलं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात, ते भिंगातून डोळा न काढताच म्हणतात, "अर्धीमावशी, चहा तरी पूर्ण कप द्या."

शनिवारी बालविभागात सतरंजी पुरत नाही. तरी एक मुलगी कधीच येत नव्हती. पाचवीतली, दोन घट्ट वेण्यांची, दर गोष्टीला पुरावा मागणारी. वर्ग तिला वकीलसाहेब म्हणायचा. एकदा तिने उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "मावशी, खरं सांगू? तुम्हाला शेवटची ओळ पाठच नसते. म्हणून तुम्ही पुस्तक मिटता."

वर्ग खो खो हसला. मावशीही हसल्या, पण ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं घरापर्यंत टोचत आलं. पुस्तकवेडी मुलं काय, न बोलावताही येतात. यायला हवी ती ही! मावशींनी मनाशी ठरवलं, वकीलसाहेबांना लायब्ररीची पायरी चढवायचीच.

त्यासाठी कविताही तशीच हवी होती. ती सापडली बाइंडिंगला जायच्या गठ्ठ्यात, कव्हर नसलेल्या एका जुन्या पुस्तकात. मावशींनी उभ्या उभ्या वाचली, पान संपलं, तेवढ्यात ग्रंथपालसाहेबांनी हाक मारली. शेवटची ओळ काय, पुढच्या पानावर असणारच. पुस्तक पिशवीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात निघालं.

सावलीला मी विचारलं,
"दिवा विझता कुठे जातेस?
कुणाच्या घरी उतरतेस
आणि रात्री काय खातेस?"
सावली हसली, लांब झाली,
भिंतीवरती चढली,
कानाशी माझ्या येऊन हळूच
एवढंच म्हणाली...

फट! पुस्तक मिटलं. एकही बाक वाजला नाही.

वकीलसाहेब उठल्या. "काय म्हणाली?"

"शनिवारी."

"नक्की सांगाल? सगळ्यांसमोर?"

"नक्की."

"आणि नाही सांगितलंत तर?"

मावशींच्या अंगात वारं शिरलं होतं. "तर पुन्हा कधी पुस्तक मिटणार नाही. कविता पूर्ण सांगून मुकाट्याने घरी जाईन."

"ऐकलंत ना रे सगळ्यांनी?" वकीलसाहेबांनी वर्गाला साक्षीला घेतलं.

लायब्ररीत परतल्यावर मावशींनी ऐटीत पान उलटलं. पुढच्या पानावर दाढ दुखणाऱ्या उंटाची कविता होती. मधलं पान फाटलेलं. शिवणीला कागदाची तेवढी चिंधी लटकत होती. कव्हर नाही, म्हणजे कवीचं नाव नाही. मावशींच्या पायाखालची फरशी सरकली.

ग्रंथपालसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "पण गठ्ठ्यातलं पुस्तक बाहेर काढलंतच का?" शाळेतल्या जुन्या बाईंना फोन केला. त्यांना उंट आठवला, सावली नाही.

यजमानांनी सोपा उपाय काढला. "तूच लिही की एक ओळ. त्या पोरीला काय कळतंय?"

"अहो, तिलाच तर कळेल!"

तरी मावशींनी लिहून पाहिलं आणि मोठ्यांदा वाचलं, "'दिवा विझल्यानंतर मी पलंगाखाली विश्रांती घेते.'"

"सावली बोलली," यजमान म्हणाले, "की सरकारी सूचना वाचली?"

शनिवार उजाडला. सतरंजी भरली. दारात वकीलसाहेब चपला काढून उभ्या राहिल्या, कपाटांकडे संशयाने पाहिलं आणि पुढे येऊन हाताची घडी घालून बसल्या. जिला आणण्यासाठी एवढा खटाटोप केला, ती आली होती. आणि मावशींच्या झोळीत द्यायला काहीच नव्हतं. थाप मारावी का? जिभेवर पलंगाखालची ओळ आलीसुद्धा होती. पण त्या दोन वेण्यांकडे पाहून ती परत गिळावी लागली.

"मला शेवटची ओळ माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "पान फाटलंय. मी आधी बघितलंच नाही."

"म्हणजे मी म्हणत होते तेच!"

"तेच."

"मी जिंकले!"

"जिंकलीस बाई."

वकीलसाहेबांनी पुस्तक मागून घेतलं, फाटक्या कडेवरून बोट फिरवलं, उंटावर एक नजर टाकली. मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला. "पण मावशी, मग ती म्हणाली काय?"

"मलाही तेच हवंय गं."

मागून एकजण ओरडला, "ती म्हणाली, 'मी घडी होऊन तुझ्या उशीखाली झोपते!'"

"हॅ! 'रात्री आम्ही सगळ्या मिसळतो, सकाळी कधी कधी अदलाबदल होते!'"

"पुरावा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"आपल्या मॉनिटरची सावली बघ. त्याच्यापेक्षा हुशार वाटते."

मॉनिटर धावून गेला, सतरंजी गोळा झाली, बाहेरून ग्रंथपालसाहेब खाकरले. या गलक्यात वकीलसाहेब जरा वेळ पुस्तकाकडेच बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "'घाबरू नकोस, इथेच आहे.' असं म्हणाली असेल."

त्यांच्याकडे पुरावा कुणीच मागितला नाही.

"पण हे माझं झालं," त्यांनी लगेच सावरून घेतलं. "खरं शोधायला पाहिजे. दुसऱ्या पुस्तकात असेल. कवितांचं कपाट कुठलं?"

"ते खिडकीजवळचं. आणि माझी शिक्षा?" मावशींनी विचारलं. "आता पुस्तक मिटायचं नाही ना?"

"मिटा, मिटा!" सगळी सतरंजी ओरडली.

वकीलसाहेबांनी क्षणभर विचार करून निकाल दिला. "मिटा. पण आधी पान उलटून बघत जा."

तेव्हापासून मावशी पान उलटून बघतात. वकीलसाहेब दर शनिवारी येतात, खिडकीजवळचं कपाट वरून खाली वाचत निघाल्या आहेत आणि वाटेत भेटलेल्या कविता सगळ्यांना ऐकवतात. शेवटच्या ओळीआधी थांबायला त्याही शिकल्या आहेत. सावली मात्र अजून सापडलेली नाही. म्हणून पुस्तक बदलायला एखादे पिकल्या केसांचे आजी-आजोबा आले, की मावशी शिक्का हातातच धरून विचारतात, "तुमच्या लहानपणी एक कविता होती का हो, दिवा विझल्यावर कुठे जातेस म्हणून विचारणारी? सावली कानाशी येऊन काय म्हणाली, आठवतंय का?"