रशियन शेटजीच्या मुलीचं लग्न

विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांसाठी आलेली आई माझ्याकडे नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेत अडकली. त्याच सुमारास टीव्हीवर एक मालिका लागली. एकोणिसाव्या शतकातलं रशियन व्यापाऱ्याचं घराणं. विद्यापीठातल्या माझ्या डच सहकाऱ्यानं ‘पाहायलाच हवी’ म्हणून बजावलं होतं. टाळेबंदीत स्वतः भाजलेल्या दगडी ब्रेडबद्दलही तो तसंच म्हणायचा.

भव्य मालिका. शेटजी फार मोठे, पण त्यांनी एक वस्तू विकली असेल तर शपथ. दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, घासाघीस नाही. माणसं मेजाभोवती बसून चहा पितात, बाहेर बर्फ पडतो, कुणीतरी उसासा टाकतं, भाग संपतो. दाढ्या अशा चिकटवलेल्या की बिचारे नट अभिनय सोडून त्याच सांभाळत होते. आमच्या गावच्या गणपतीतल्या नाटकात याहून बऱ्या दाढ्या असायच्या.

भाषा रशियन, खाली अक्षरं डच. माझं डच सुपरमार्केटपुरतं आणि आईला मराठीशिवाय काही येत नाही. त्यामुळे मी वाचून सांगतेय असा आव आणून बरंचसं मनानंच सांगायची.

तिकडे गावी काकांनी माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ आणलं होतं. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज बंद, परीक्षा होणार की नाही कुणालाच ठाऊक नाही. वडील गेल्यापासून घरात काकांचा शब्द चालतो. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, “वहिनी, सरकारनंच सांगितलंय, लग्नाला पन्नासच माणसं. मांडव नको, पंगती नकोत. अशी संधी परत नाही. उरकून टाकू.”

महामारीत संधी शोधणारा इतका दूरदृष्टीचा माणूस आमच्या घराण्यात आहे, हे मला नव्यानंच कळलं.

“रविवारी सांगते,” आई म्हणाली.

घराण्यातली पहिली पदवीधर मी. दुसरी एका परीक्षेवर येऊन थांबली होती. पण विषय काढला की आई “तुझं वेगळं होतं” म्हणून उठून जायची. मग मी शेटजींच्या मुलीला कामाला लावलं. योगायोगानं तिचंही लग्न ठरत होतं.

“ती म्हणतेय,” मी सांगू लागले, “बाबा, शिक्षण अर्धवट टाकून मी बोहल्यावर चढणार नाही. ज्ञान हाच स्त्रीचा खरा दागिना आहे.”

आईनं कप खाली ठेवला. “एवढं सगळं बोलली?”

“हो.”

“तोंड तर आत्ताच हललं. ते पण सफरचंद खायला.”

खरंच, बया मजेत सफरचंद खात होती. इतकी निरुपयोगी नायिका मी पाहिलेली नाही.

“बहिणीचं बोलायचंय तर सरळ बोल की गं. त्या गोऱ्या पोरीला कशाला मध्ये घालतेस?”

मग सरळ बोलले. “परीक्षा देऊ दे तिला. आत्ता लग्न झालं तर सासरी कुणी तिला पुस्तक उघडू देणार नाही. तुलाही माहितीये हे.”

आईनं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. पडद्यावरही पुन्हा चहा आला होता.

रविवारी काकांचा कॉल आला. आई म्हणाली, “भाऊजी, तुमचं चुकत नाही. पण मी इथं अडकलेली. आईविना पोरीचं लग्न लावलंत तर गाव नावं तुम्हालाच ठेवील. तिची परीक्षा होऊ द्या, विमानं सुरू होऊ द्या. मग पाचशे माणसं बोलावू.”

पाचशे ऐकून काकांचा चेहरा गोठला, की तिकडची रेंज गेली, ते समजलं नाही. ज्ञान, दागिना वगैरे शब्द आईनं वापरलेच नाहीत. इतकं चांगलं भाषण वाया गेलं.

मी लगेच बहिणीला फोन लावला. “तुझं लग्न थांबवलं मी.”

“तू? आईनं मला कालच विचारलं होतं, ताई. मीच नको म्हणाले.”

पावसाळा सरता सरता परीक्षा झाली, मोबाईलवर. घरात रेंज नव्हती म्हणून ती गच्चीवर बसली आणि वरती कुणी येऊ नये म्हणून जिन्याच्या दारात खुर्ची टाकून काका बसले. पास झाली.