ताईचा प्रश्न आणि तिरोड्याकडचे सारस

माझ्या मागच्या पोस्टखाली ताईने लिहिलं, ‘‘या वर्षात तू चौथ्यांदा मंत्रमुग्ध झालास. खरं सांग, एकदा तरी झालायस का?’’ हसण्यावारी नेलं, पण लागलं. धबधबा, किल्ला, मिसळ, सगळ्यांवर मी तोच एक शब्द उधळत आलो होतो. मग हट्टानेच निघालो. गोंदिया जिल्ह्यातले सारस पाहायचे राहिलेच होते.

नागपूरहून संध्याकाळची रेल्वे पकडून तिरोड्यात मुक्काम केला. पहाटे बोदलकसा तलावाच्या रस्त्याला रिक्षा केली. जाऊन-येऊन, थांबण्यासकट चारशे रुपये. खायला सोबत घ्या, वाटेत एवढ्या लवकर काही मिळत नाही. ‘‘पंछी देखने इतनी दूर से आए?’’ रिक्षावाल्याने दोनदा विचारलं आणि त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर मला सोडलं.

धानाची कापणी चालली होती, पण एका कोपऱ्यात धान उभंच होतं. ते का ठेवलं, असं मी विचारलं तर ते शेतकरी भाऊ नुसते हसले. उत्तर त्यांच्या बायकोने, काकूंनी दिलं.

‘‘पाखरं तिकडं राहतात म्हून हे कापू देऊन नाई रायले. धान झडून रायलं, त्याचं काई नाई!’’

तेवढ्यात त्या धानातून सारसांची जोडी बाहेर आली, मागे पिल्लू. नराने मान वर करून साद घातली, मादीने उत्तर दिलं. मग दोघं पंख पसरून उड्या मारू लागले. पिल्लूही उडी मारायचं, पण दरवेळी उशिरा. भाऊंच्या हातातला विळा तसाच लोंबत राहिला.

‘‘अवो, चहा!’’ काकूंनी तीनदा हाक मारली. भाऊ ढिम्म.

‘‘आता त्यायले काई आयकू येत नाई,’’ काकू म्हणाल्या. मला वाटलं, सापडला, खरा मंत्रमुग्ध माणूस हाच.

सारस दूर निघून गेल्यावर काकू कप न्यायला आल्या. भाऊंचा कप बांधावर भरलेला होता. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, ‘‘अन् तुमी? तुमचाबी तसाच हाये.’’

माझ्या हातात कप होता आणि त्यावर जाड साय धरली होती. तो कधी दिला, मला आठवेना. मी ओशाळलो आणि आतून फार आनंद झाला.

घरी आल्यावर चारही जुन्या पोस्टमधून तो शब्द काढून टाकला. मिसळ झणझणीत होती, एवढंच आता तिथे उरलंय. रात्री ताईचा फोन आला. ‘‘मग? झालास का?’’

‘‘मला काय विचारतेस?’’ मी म्हटलं. ‘‘काकूंना विचार. त्यांना दोन कप चहा पुन्हा गरम करावा लागला.’’