डिकीतली चार भोकं

आमच्या लाल गाडीच्या मीटरवर दोन लाख एकेचाळीस हजार किलोमीटर झाले होते आणि सोमवारपासून ती गाडी माझी मुलगी चालवणार होती. तिला तलासरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली होती. आमच्या चिंचणीहून तिथे वेळेत पोचवेल अशी एसटी नाही. जीप बदलत जाता येतं, पण येताना कुठे अडकाल याचा नेम नाही. गाडी असेल तर ती घरून जाऊन-येऊन नोकरी करणार, नाहीतर तिकडे खोली घेऊन एकटी राहणार. तिला राहायचं नव्हतं आणि मलाही तिला ठेवायचं नव्हतं. म्हणून शनिवारी मी मासे भरले, तिला स्टिअरिंगवर बसवलं आणि म्हटलं, "आज तू ने. तुझी पण परीक्षा, गाडीची पण."

गाडीला मी मनातून आधीच पास करून टाकलं होतं.

ती मूळची माझ्या धाकट्या दिराची. लहानखुरी, जमिनीला टेकलेली, अंगाच्या मानानं मोठं इंजिन, रुंद टायर, मागे पंख, चारही चाकांना डिस्क ब्रेक. साठ हजार किलोमीटर त्यानं हौसेनं पळवली. मग त्याला जहाजावर काम मिळालं. जाताना चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "वहिनी, उभी ठेवू नका, बिघडेल." मी उभी ठेवली नाही. मागची सीट काढली, प्लायवूड टाकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात बोंबील-मांदेली भरून तलासरीच्या बाजारात गेले. तिथल्या बायकांनी वर्षभर माझी टर उडवली. मी गाडी लावली की कोणीतरी ओरडायचीच, "सरका गं, विमान उतरलं!"

असल्या गाडीत मासे वाहू नयेत हे मलाही कळत होतं. पण टेम्पोपेक्षा ती लवकर पोचायची, आणि बर्फ विरघळायच्या आत जो पोचतो त्याचे मासे आधी विकले जातात. गाडीनं माझ्या हाताखाली दोन क्लच खाल्ले. शॉकअब्सॉर्बर तीनदा बदलले, कारण वजन मागे आणि गाडी बुटकी. स्टिअरिंगचं चामडं माझ्या अंगठ्याखाली गुळगुळीत होऊन सोललं. पण इंजिन मी जिवापाड सांभाळलं. ऑइल कधी एक दिवस उशिरा बदललं नाही. बेल्ट, प्लग, फिल्टर, सगळं कधी बदललं ते वहीत लिहिलेलं. तलासरीचा आमचा मेकॅनिक प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडीजवळ उभं करून इंजिन ऐकवायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आणि डिकीला चार भोकं होती. थर्माकोलच्या खोक्यातून बर्फाचं पाणी गळतं, ते स्टेपनीच्या खळग्यात साचायचं आणि कुजायचं. पहिल्याच उन्हाळ्यात मी ड्रिल मशीन आणून पत्र्याला चार भोकं पाडली. पाणी सरळ रस्त्यावर. ही माझी अक्कल मी चार जणींना सांगितलीही होती.

शनिवारी मुलगी चांगली चालवत होती. घाई नाही, उगाच हॉर्न नाही. वरोरच्या वळणावर तिनं विचारलं, "आई, हा लाल दिवा का लागतोय?"

"हँडब्रेक पूर्ण सोडला नसशील."

"सोडलाय. बघ ना, पूर्ण खाली आहे."

"मग वायर सैल असेल. चार दिवस असंच करतोय. वळणावर लागतो, सरळ रस्त्याला जातो."

त्याच आठवड्यात ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल कमी दिसलं म्हणून मी वरून ओतलं होतं. पॅड झिजले की ऑइलची पातळी उतरते, हे मला माहीत होतं. पॅड दोनच महिन्यांपूर्वी नवे घातलेत, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. आमच्या गाडीत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑइलचा दिवा एकच आहे, आणि वळणावर डबीतलं ऑइल एका बाजूला गेलं की तो लागतो, हे मला त्या दिवशी दुपारी कळलं.

डहाणू मागे पडलं. सरावलीला एक म्हैस आडवी आली तेव्हा मुलीनं ब्रेक दाबला आणि म्हणाली, "पेडल जरा खाली जातंय."

"तुझा पाय हलका आहे. नेटानं दाब."

"पाय हलका नाहीये माझा. आधी इतकं खाली जात नव्हतं."

"आधी मागे एवढं वजन नव्हतं. पुढे बघ."

मला त्या वेळी राग आला होता तो गाडीचा नव्हे, तिचा. वाटलं, ही आतापासूनच कारणं शोधतेय. आशागडला रस्त्याच्या कडेला एक गॅरेज दिसलं. तिनं वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चल, चल. बर्फ विरघळतोय."

आशागडच्या पुढे रस्ता चढतो-उतरतो. एका उतारावर पुढे प्रवाशांची जीप होती, टपावर पोती, मागच्या पायरीवर लटकलेली दोन माणसं. उताराच्या खाली एक बाई भाजीची पाटी घेऊन उभी होती. तिनं हात केला आणि जीप रस्त्यातच थांबली. मुलीनं ब्रेक दाबला. मला तिचा गुडघा खाली जाताना दिसला, आणि तो जातच राहिला.

"आई, काही नाहीये. आई, खाली काहीच नाहीये!"

"पंप मार! सोड-दाब, सोड-दाब! तिसरा टाक!"

तिनं तिसरा टाकला. इंजिन ओरडलं. गाडी जराशी अडली, पण मागून मासे, बर्फ, खोकी सगळं ढकलत होतं. समोरून ट्रक येत होता, त्यामुळे उजवीकडे जागा नव्हती. पाटीवाली बाई एक पाय पायरीवर ठेवून पाटी वर देत होती, तिची पाठ आमच्याकडे होती.

"दुसरा! दुसरा टाक, आणि डावीकडे घे, मातीत घे!"

मी हँडब्रेक धरला. एकदम ओढला तर गाडी फिरेल हे माहीत होतं, म्हणून बटण दाबून ठेवलं आणि एक एक दात वर घेत गेले. हाताला घाम आला होता, बटणावरून अंगठा घसरत होता. दुसरा गिअर पडला तसं एक खोकं मागून येऊन माझ्या सीटवर आदळलं. डावी चाकं मुरुमात उतरली, दगड बुडाला तडातडा लागले. मुलगी पंप मारत होती आणि तोंडानं मोजत होती, "एक, दोन, एक, दोन." मग मी शेवटचे दात ओढले आणि गाडी तिरकी होऊन थांबली.

बोनेट आणि त्या बाईच्या पाटीत दोन हातांचं अंतर होतं.

ती वळली. आधी गाडीकडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे. चेहरा ओळखीचा होता. बाजारात माझ्यापासून चार पाट्या सोडून ती भाजी घेऊन बसते.

"तूच का गं विमानवाली?" ती म्हणाली. "आज माझ्या अंगावरच उतरवतेस?"

मी उतरून माफी मागितली. मुलगी उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती, आणि पाय अजून ब्रेकवर होता. मी बोनेट उघडलं. ऑइलची डबी जवळजवळ रिकामी. डिकीत ब्रेक ऑइलची अर्धी बाटली होती, ती मी आणली.

"हे ओतते," मी म्हटलं. "आणि मी चालवते. दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर. हळूहळू तलासरी गाठू, तिथे आपला मेकॅनिक आहे."

"हायवेवरून?"

"कडेनं नेईन. एवढी वर्षं चालवतेय मी."

तेव्हा ती उतरली. आवाज चढवला नाही. "सोमवारी मी एकटी असेन," ती म्हणाली. "मी फोन केला की मला पण हेच सांगशील? हळूहळू गाठ?"

जीपमधली माणसं ऐकत होती. मी बाटलीचं झाकण परत लावलं.

मग मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पुढचा भाग बघण्यासारखा होता, धूळ सोडली तर गच्च. मागे सरकले तसा रंग बदलला. पत्र्याला पापुद्रे सुटलेले, नटबोल्टांचे नुसते गोळे झालेले. मी पाडलेल्या एका भोकातून पाणी ठिबकत होतं, बर्फाचं, माशांचं, खारट. ते थेट एका बारीक लोखंडी नळीवर पडत होतं. ती नळी मागच्या चाकाकडे जात होती आणि तिथूनच ऑइल बाहेर येत होतं. मी बोट लावलं तर गंजाचा तुकडा हातात आला.

माझा नवरा बोटीवर असतो. पावसाळ्यात बोट वर ओढली की आम्ही सगळे मिळून तिचं बूड खरवडतो, एकेक खिळा बघतो, रंग देतो, मगच ती पाण्यात जाते. लग्न होऊन आल्यापासून मी हे करतेय. मीठ लोखंडाचं काय करतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि मी स्वतःच्या हातानं भोकं पाडून ते पाणी रोज ब्रेकच्या नळीवर सोडत होते. आणि चार दिवस स्वतःला, आज मुलीला सांगत होते की वायर सैल आहे.

बाहेर आले. मुलीला म्हटलं, "पाय हलका नव्हता तुझा."

"माहितेय मला," ती म्हणाली.

जीपवाला घाई करत होता. मासे उन्हात ठेवून चालणार नव्हतं आणि मला गाडी सोडून जाता येत नव्हतं. भाजीवालीनंच सांगितलं, "टाक टपावर खोकी. माझ्या भाजीशेजारी मांडून विकते. उरलं तर मी घरी नेईन, भीती घातलीस त्याचं." खोकी गेली. मेकॅनिकला फोन केला. तो टेम्पो घेऊन यायला दोन तास लागले. ते दोन तास आम्ही झाडाखाली बसून काढले. एकदा तिनं विचारलं, "तू एकटी असतीस तर गेली असतीस ना तशीच?" मी हो म्हटलं.

टेम्पोला दांडा लावून गाडी तलासरीला ओढत नेली आणि रॅम्पवर चढवली. मेकॅनिक गुजराती मिसळून मराठी बोलतो. स्क्रू ड्रायव्हर मागच्या नळीवर घासला तसा पापुद्रा खाली पडला. स्टेपनीच्या खळग्याला टोचला तर तो आरपार गेला.

"बेन, एन्जिन एकदम फर्स्ट क्लास छे," तो म्हणाला.

"इंजिनानं गाडी थांबत नाही," मुलगी म्हणाली. "दर वेळी रॅम्पवर चढते ना ही? मागे कोणी बघितलं नाही?"

त्यानं फडक्यानं हात पुसले. एकदा पुसले, परत पुसले. "खरं सांगू बेन? वास. माझी माणसं मागच्या बाजूला जातच नव्हती. पॅड बदलायचे तर चाक काढून बाजूनं बदलायची. मीच बोललो, बेनला वाईट वाटेल, काय सांगायचं."

मला वाईट वाटलं नसतं. मासेवालीला वासाचं बोललेलं लागत नाही. पण मीही कधी विचारलं नव्हतं. इंजिनाची तारीफ ऐकायची आणि चावी घेऊन निघायचं, एवढंच मी केलं होतं.

रविवारी दिवसभर काम चाललं. पुढपासून मागपर्यंत ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या. खळग्याचा सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला, बुडाला गंजरोधक रंगाचे दोन हात. मुलगी पूर्ण वेळ रॅम्पखाली उभी होती. कुठली नळी कुठे जाते ते तिनं विचारून घेतलं, फोनमध्ये फोटो काढले. संध्याकाळी गॅरेजसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर तिनं दहा-बारा वेळा गाडी पळवून जोरात थांबवली. मी कडेला उभी होते. दर वेळी माझा उजवा पाय आपोआप दाबला जात होता.

शेवटी ती काच खाली करून म्हणाली, "घेते मी गाडी. पण आजपासून हिच्यात मासे नाहीत. आणि महिन्यातून एकदा मी स्वतः खाली शिरणार. दिवा लागला तर तुला फोन करणार नाही, गाडी उभी करणार."

"बरं."

"आणि तू कशानं जाणार बाजाराला?"

"जीपनं. भाजीवालीशेजारी बसेन. खोकी घ्यायची बाकी आहेत तिच्याकडून."

घरी येऊन मी मागची सीट शोधून काढली. माळ्यावर जाळ्यांखाली होती. ती बसवता बसवता सोमवारची पहाट झाली. मुलगी निघाली तेव्हा पंखाखालचा लाल रंग सोडला तर गाडी सगळीकडून जुनी दिसत होती. अंगणाच्या तोंडाशी तिनं एकदा ब्रेक मारून पाहिला, मग गेली.

गाडी उभी असायची ती जागा मी वाकून बघितली. मग गुडघे टेकून हात फिरवला. माती कोरडी होती, ऑइलचा थेंब नव्हता. मुलगी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी तिथेच बसून बोंबील साफ केले, आणि आजही रोज सकाळी ती गाडी घेऊन गेली की मी आधी ती जागा बघते.