अनधिकृत म्हणून काढलेल्या फायली

काळ्या पडद्यावर सकाळपासून एकच पांढरी ओळ स्थिर आहे: संगणक सुरू होण्यास आवश्यक असलेली फाईल सापडत नाही. सापडणार कशी? ती मीच काढून टाकली. सोसायटीच्या जिन्यातील प्रत्येक कुंडीविरुद्ध लेखी तक्रार करणाऱ्या मला, स्वतःच्या संगणकात विनापरवाना बसलेली फायलींची ती अनोळखी नावे सहन झाली नाहीत. अतिक्रमण समजून मी ती एकेक करून हटवली.

मला ठाऊक असलेले दुरुस्तीचे सारे उपाय फसले. आता एकच उरला आहे: सगळे पुसून नव्याने सुरुवात करणे. पण घशाच्या शस्त्रक्रियेपूर्वी माझ्या पत्नीने, सुधाने, गायलेली गाणी ह्याच यंत्रात आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही.

"अहो, आता नोटीस कुणाला काढणार?" कुजबुजीपुरत्या उरलेल्या आवाजात सुधा विचारते.

संताप अनावर होतो. पण प्रतिवादी कोण? कोणाचीही परवानगी न मागता, कोठेही सही न करता जे निमूटपणे चालू असते, त्यावरच घर उभे असते. पहाटे ओट्यापाशी चालणारे तिचे गुणगुणणे असेच होते. ते थांबले, तेव्हाच मला ते ऐकू आले.

"पुसून टाका हो," ती म्हणते. "मला सगळी पाठ आहेत."

बटणापाशी नेलेले बोट मी पुन्हा मागे घेतो. तिला पाठ आहेत, हे खरे. ऐकायची मला आहेत.