स्क्रीनवरचं ते दुसरं विमान

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी वसईच्या पीटर अंकलना त्यांचं दोन सीटचं विमान बांधायला मदत करतोय, दुबईजवळच्या उम्म अल क्वैनमधल्या एका शेडमध्ये. आजूबाजूची विमानं स्क्रीनवर दाखवणारा ट्रॅफिक रिसीव्हर मी एकट्याने बसवला. तो नीट चालला तर पुढची सगळी वायरिंग माझी, असं अंकल म्हणाले होते.

आज विमान बाहेर ढकललं, सगळं चालू केलं. स्क्रीनवर एक विमान, अगदी आम्हाला चिकटून. आम्ही पुढे ढकललं, तर तेही पुढे.

माझं टाळकं सरकलं. रिसीव्हर विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावून वाट्टेल ते बोललो.

अंकल म्हणाले, "हबीबी, रिसीव्हरमध्ये आपल्या विमानाचा कोड काय टाकलास ते बघ जरा."

एक अक्षर चुकलं होतं. म्हणून आमच्याच विमानाचा सिग्नल रिसीव्हर परक्या विमानाचा समजत होता. कोड टाकताना माझं अर्धं लक्ष फोनवर होतं. माझी गर्लफ्रेंड रिया चार दिवस बोलत नाहीये. तिचा शेवटचा मेसेज: "तुझी चूक कधीच नसते ना?"

अंकल म्हणाले, "पहिले त्या माणसाला सॉरी बोल. वायरिंगचं मग बघू."

बोललो. तो म्हणाला, "खलास भाई, होता है." अंकलनी वायरिंगचा नकाशा माझ्या हातात दिला.

तेव्हापासून रियाला मेसेज लिहितोय आणि खोडतोय. दर वेळी तिसऱ्या शब्दाला 'पण' येतं.

तुम्ही लोक 'पण' न लावता माफी कशी मागता?